ब्रिसेइसचा विलाप आणि आजचे वाचक



वसंतातल्या या व्याख्यानसत्रात इतिहासाचा विषय निघाला म्हणजे बहुधा एखादी लढाई, एखादा तह किंवा एखादा कर्ता पुरुष व्याख्यात्याच्या वाट्याला येतो. आजचा विषय त्या जातीचा नाही. आज आपणांस वाचकांच्या एका आवडीचा इतिहास पाहावयाचा आहे. आवडीलाही इतिहास असतो, आणि तो आपल्या अपेक्षेहून पुष्कळ जुना निघतो, हेच मला आज दाखवावयाचे आहे.

गेल्या वीस वर्षांत इंग्रजी वाचणाऱ्या जगात एका विशिष्ट प्रकारच्या कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग लाभला आहे. त्यांतली कथा जुनीच आहे. ट्रॉयचे दहा वर्षांचे युद्ध, त्यानंतर ओडिसियसला घरी पोहोचावयास लागलेली आणखी दहा वर्षे, विजयी आगामेम्नॉनचा त्याच्याच घरी पत्नीच्या हातून झालेला वध, या गोष्टी युरोपातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. नवे आहे ते सांगणारे तोंड. मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘पेनेलोपियाड’ (२००५) या कादंबरीत ओडिसियसची पत्नी पेनेलोपी मृत्युलोकातून बोलते. मॅडलिन मिलर यांच्या ‘सर्सी’ (२०१८) मध्ये खलाशांना डुकरे बनविणारी जादूगारीण आपले चरित्र आपणच सांगते. पॅट बार्कर यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ (२०१८) मध्ये अकिलीसच्या वाट्याला लुटीचा भाग म्हणून आलेली ब्रिसेइस बोलू लागते. नॅटली हेन्स यांची ‘अ थाउजंड शिप्स’ (२०१९) ट्रॉयच्या युद्धात सापडलेल्या अनेक स्त्रियांच्या तोंडून पुढे सरकते, आणि जेनिफर सेंट यांची ‘एरियाड्नी’ (२०२१) क्रीटच्या राजकन्येची कैफियत मांडते. मिलर यांचीच आधीची ‘द साँग ऑफ अकिलीस’ (२०११) ही कादंबरी पात्रोक्लस या पुरुषाने सांगितलेली आहे. परंतु या नव्या वाटेवर पुष्कळ वाचक तिनेच आणले. प्रकाशनानंतर आठ-नऊ वर्षांनी टिकटॉकवरील छोट्या चित्रफितींतून तरुण वाचकांनी, विशेषतः तरुणींनी, ती एकमेकींना वाचावयास सांगितली. कित्येकींनी डोळे पुसतच सांगितली. त्यामुळे जुने पुस्तक पुन्हा नव्याने खपू लागले.

आता प्रश्न असा, की ज्या गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक आहे ती लोक पैसे देऊन पुन्हा का वाचतात? याला दोन तयार उत्तरे दिली जातात. एक म्हणजे, ही स्त्रीमुक्तीच्या विचाराची लाट आहे, ओसरेल. दुसरे म्हणजे, हा होमरवर उगविलेला सूड आहे. पहिल्या उत्तरात थोडे तथ्य आहे. दुसऱ्यात मात्र होमर न वाचल्याचा दोष आहे. माझे म्हणणे असे आहे, की या कादंबऱ्यांचा वाचक होमरने बंद केलेले दार फोडीत नाही. होमरने स्वतः जे दार किलकिले ठेवले आहे, त्यातूनच तो आत जातो. हे पटवून देण्यासाठी मूळ काव्यांकडेच वळले पाहिजे.

होमरने काय मांडून ठेवले आहे?

‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही महाकाव्ये आजच्या रूपात सुमारे इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकात सिद्ध झाली, असे सामान्यतः मानले जाते. ‘इलियड’चा आरंभ होतो तो एका भांडणापासून. आगामेम्नॉन अकिलीसकडून ब्रिसेइसला हिरावून घेतो, अकिलीस रागावून युद्धातून अंग काढून घेतो आणि पुढचा सारा अनर्थ ओढवतो. एवढ्या मोठ्या अनर्थाला जी कारण झाली, ती स्त्री पहिल्या सर्गात एक शब्दही बोलत नाही. ती मनाविरुद्ध चालत गेली, एवढेच कवी सांगतो.

ती बोलते ते थेट एकोणिसाव्या सर्गात. परत अकिलीसच्या तळावर आणल्यावर तिला पात्रोक्लसचे प्रेत दिसते आणि ती हंबरडा फोडते. त्या विलापात तिचे सारे आयुष्य येऊन जाते. तिचा पती तिच्या शहराच्या वेशीपुढे मारला गेला. तीन सख्खे भाऊ त्याच दिवशी गेले. पतीला मारणारा अकिलीसच होता. त्या वेळी पात्रोक्लसनेच तिचे सांत्वन केले आणि अकिलीसची लग्नाची बायको करून देण्याचे वचन दिले. ज्याने घर उद्ध्वस्त केले त्याचीच धर्मपत्नी होणे, ही तिच्या पुढची सर्वांत मोठी आशा! हे सारे कवीने वीस ओळींच्या आत सांगितले आहे.

आणि त्याच्या लगेच पुढे तो एक गोष्ट नोंदवितो. भोवतालच्या इतर दासीही रडू लागल्या. दिसावयास त्या पात्रोक्लससाठी रडत होत्या, प्रत्यक्षात प्रत्येकजण आपापल्या दुःखासाठी रडत होती. पात्रोक्लस हे निमित्त. माझ्या मते आजच्या साऱ्या विषयाची किल्ली या ठिकाणी आहे. मालकाच्या मित्रासाठी रडावयास परवानगी होती, स्वतःच्या मेलेल्या भावासाठी कदाचित नव्हती. तेव्हा परवानगीच्या रडण्यात त्यांनी आपले रडणे मिसळून टाकले. आणि हे कवीच्या ध्यानात आले होते.

‘ओडिसी’कडे पाहू. पहिल्याच सर्गात पेनेलोपी माडीवरून खाली येते आणि गाणाऱ्या भाटाला दुसरे गीत गावयास सांगते, कारण चाललेले गीत तिच्या काळजाला झोंबते. तिचा मिसरूड फुटलेला मुलगा टेलेमाखस तिला सर्वांदेखत म्हणतो, की आपल्या दालनात जा, माग आणि चाती सांभाळ. बोलणे हे पुरुषांचे काम आहे. केंब्रिजच्या विदुषी मेरी बिअर्ड यांनी २०१४ साली ब्रिटिश म्युझियममध्ये दिलेले स्त्रियांच्या सार्वजनिक बोलण्यावरचे प्रसिद्ध व्याख्यान याच प्रसंगापासून सुरू केले होते. पाश्चात्त्य वाङ्मयात पुरुषाने स्त्रीला गप्प राहावयास सांगितल्याची पहिली नोंद ही, असे त्यांचे म्हणणे आहे.

याच काव्याच्या विसाव्या सर्गात एक लहानसा प्रसंग आहे. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना तो फार जवळचा वाटेल. ओडिसियसच्या वाड्यात बारा बायका जात्यावर बसून सातू आणि गहू दळीत असत. वाड्यात ठाण मांडून बसलेल्या, पेनेलोपीशी लग्न करू पाहणाऱ्या मंडळींना रोजच्या रोज मेजवानी लागे. तेव्हा पीठही तितकेच लागे. त्या रात्री अकरा जणी आपले दळण उरकून झोपी गेल्या. बारावी सर्वांत अशक्त. तिचे संपलेच नव्हते. निरभ्र आकाशात गडगडाट होतो, ती जाते थांबवते आणि झ्यूस देवाला विनविते, की ज्यांच्यासाठी दळता दळता माझे गुडघे गेले, त्यांचे हे जेवण शेवटचे ठरो. तिचे नाव कवी देत नाही. बाहेर निजलेला ओडिसियस ते शब्द ऐकतो आणि शुभशकुन मानून संतोषतो. ती पुढे पीठ दळीत राहिली असेल. काव्यात पुन्हा तिचा उल्लेख नाही.

बाविसाव्या सर्गात ओडिसियस त्या मंडळींचा संहार करतो. त्याआधी तो त्यांच्यावर जे आरोप ठेवतो, त्यांत एक आरोप घरातल्या दासींवर बळजबरी केल्याचा आहे. संहारानंतर वृद्ध दाई सांगते, की पन्नास दासींपैकी बारा जणी बेइमान झाल्या. त्या बाराजणींना आधी प्रेते बाहेर वाहावयास आणि रक्ताने माखलेली मेजे-आसने धुवावयास लावण्यात येते, आणि मग टेलेमाखस त्यांना अंगणात ओळीने फासावर देतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा देऊन, त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही, असे कवी सांगतो. ज्या स्त्रियांच्या वतीने एका घटकेपूर्वी बळजबरीचा आरोप ठेवला, त्याच वर्गातील स्त्रियांना त्याच संबंधासाठी फाशी! ही विसंगती होमरने झाकलेली नाही, सोडविलेलीही नाही. त्याने ती ऐकणाऱ्याच्या हवाली केली आहे.

मातीच्या वड्यांवरील हिशेब

या दासी केवळ कविकल्पना होत्या काय? याचे उत्तर विसाव्या शतकातील उत्खननाने दिले. ग्रीसच्या नैर्ऋत्येस पायलॉस येथील राजवाड्यात १९३९ साली मातीच्या लिखित वड्या हाती लागल्या. इ.स.पू. १२०० च्या सुमारास तो वाडा जळाला आणि त्या आगीतच कच्च्या वड्या भाजून टिकल्या. त्यांवरील लिपी मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने १९५२ साली उलगडली, आणि भाषा ग्रीकच निघाली. पंडितांना वीरगाथांची आशा होती; हाती आले ते कोठीचे हिशेब.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोठीचे हिशेब वीरगाथेहून कमी मोलाचे नसतात. या वड्यांवर बायकांच्या टोळ्या कामवार नोंदलेल्या आहेत. सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या, धान्य दळणाऱ्या, असे त्यांचे वर्ग आहेत. त्यांच्यासोबत किती मुली, किती मुलगे, आणि त्यांना किती धान्य व किती अंजिरे द्यावयाची, हे आकड्यांत लिहिलेले आहे. काही टोळ्यांची ओळख गावांवरून दिली आहे: मिलेटस, क्निडस, लेम्नॉस. ही सारी ठिकाणे समुद्रापलीकडे, आशिया मायनरच्या बाजूला आहेत. बायका आणि मुले मोजली आहेत, बाप कोठेच दिसत नाहीत. यांतल्या पुष्कळ जणी स्वारीत धरून आणलेल्या किंवा विकत घेतलेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे. या बायकांची नावे कारकुनाने लिहिली नाहीत. त्याला आकडा पुरेसा होता. होमरच्या जात्यावरची ती अनामिक बाई आणि पायलॉसच्या वडीवरील दळणारणींचा आकडा एकमेकांशेजारी ठेवून पाहावा. काव्य आणि कारकुनी एकाच वस्तुस्थितीला दोन बाजूंनी शिवून गेली आहेत.

पुन्हा सांगण्याची जुनी परंपरा

तेव्हा या स्त्रियांना बोलते करण्याची कल्पना एकविसाव्या शतकात प्रथम निघाली, असे समजण्याचे कारण नाही. इ.स.पू. ६०० च्या सुमारास लेस्बॉस बेटावरील कवयित्री सॅफो हिने हेलनची गोष्ट काढली. हेलन पती आणि मूल टाकून ट्रॉयला गेली, यासाठी पुरुष कवींनी तिला शिव्याशाप दिले होते. ज्याला जे प्रिय तेच त्याला सर्वांत सुंदर, या आपल्या मताला दाखला म्हणून सॅफो ती घेते, आणि दोष देण्याच्या भरीस पडत नाही. एका स्त्रीने केलेले ट्रॉयच्या कथेचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुनर्कथन बहुधा हेच होय.

पुढचे मोठे नाव युरिपिडीजचे. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सच्या सैन्याने मेलॉस या लहान बेटाला वेढा घातला. बेट शरण आल्यावर अथेन्सकरांनी वयात आलेले पुरुष ठार केले आणि बायकामुलांना गुलाम करून विकले. इतिहासकार थ्युसिडिडीज याने हे कोरड्या शब्दांत नोंदवून ठेवले आहे. त्यानंतर काही महिन्यांतच, इ.स.पू. ४१५ च्या वसंतात, युरिपिडीजने ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक रंगभूमीवर आणले. नगर जळाले आहे, पुरुष मेले आहेत, आणि राणी हेक्युबा, सून अँड्रोमाकी, कन्या कसांड्रा कोणाच्या वाट्याला जाणार याची वाट पाहत बसल्या आहेत, एवढेच त्याचे कथानक. विजेत्यांच्या नगरात, विजेत्यांच्या उत्सवात, विजेत्यांपुढे हे नाटक झाले. स्त्रियांच्या भूमिका अर्थातच मुखवटे घातलेल्या पुरुषांनी केल्या. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बालगंधर्वांचा शालू पाहिला, त्यांना यात विसंगत असे काही वाटू नये. नाटकाला दुसरे बक्षीस मिळाले. पहिले ज्याला मिळाले त्या झेनोक्लीसची नाटके आज उपलब्ध नाहीत.

रोमन कवी ओव्हिड याने पुराणातल्या स्त्रियांनी आपल्या पुरुषांना लिहिलेल्या काव्यपत्रांचा एक संग्रहच रचला. त्यातले पहिले पत्र पेनेलोपीचे, तिसरे ब्रिसेइसचे. ब्रिसेइस परदेशी, तेव्हा तिचे ग्रीक अक्षर धड नाही, आणि कागदावरचे डाग अश्रूंचे आहेत, असे ती अकिलीसला कळविते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या वाचकाला या स्त्रियांचे म्हणणे ऐकण्याची गोडी होती, याला याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सॅफो सोडली तर हे सारे लेखक पुरुष होते. स्त्रीच्या तोंडचे शब्द पुरुषांनी लिहिले, पुरुषांनी म्हटले, आणि पुढे दीर्घकाळ प्रामुख्याने पुरुषांनीच शाळांतून शिकविले.

किल्ली कोणाच्या हाती होती?

युरोपात ग्रीक भाषा ही फार दिवस मुलग्यांच्या शाळांची मिरास होती. अपवाद झाले. फ्रान्समध्ये आन दासिए या विदुषीने होमरची दोन्ही काव्ये फ्रेंच गद्यात आणली, आणि एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिने ग्रीक नाटकाचे भाषांतर केले. पण अपवाद ते अपवादच. व्हर्जिनिया वुल्फ हिने १९२५ मध्ये ग्रीक न येण्यावरच एक निबंध लिहिला. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास सुरुवात केली ती १९४८ मध्ये. त्याच सुमारास दुसरीकडून दार उघडत होते. ई. व्ही. रियू यांनी घरी पत्नीला वाचून दाखविता दाखविता ‘ओडिसी’चे सोप्या गद्यात भाषांतर केले, आणि १९४६ साली त्या पुस्तकाने पेंग्विनच्या स्वस्त अभिजात मालेचा आरंभ झाला. ज्याला ग्रीक येत नाही त्याच्याही हाती होमर पडला.

या दोन्ही गोष्टींचा परिणाम दिसावयास एक पिढी गेली. पूर्व जर्मनीच्या लेखिका क्रिस्टा वोल्फ १९८० मध्ये ग्रीसला गेल्या आणि १९८३ मध्ये त्यांची ‘कसांड्रा’ बाहेर पडली. भविष्य अचूक सांगावे आणि कोणी विश्वास ठेवू नये, हा कसांड्राला मिळालेला शाप. युरोपात दोन्ही बाजूंनी अण्वस्त्रे रोखली जात असताना एका स्त्रीने युद्धापूर्वीच्या युद्धाविषयी लिहिलेले हे पुस्तक दोन्ही जर्मनींत आवडीने वाचले गेले. पूर्व जर्मनीच्या आवृत्तीत त्यासोबतच्या व्याख्यानांतील काही मजकूर गाळावा लागला. पुढे ॲटवुड आल्या. ‘पेनेलोपियाड’मध्ये पेनेलोपीइतकेच महत्त्व त्या फासावर गेलेल्या बारा दासींना आहे, त्या मधून मधून समूहाने गातात, ओडिसियसवर खटलाही भरतात. बार्कर यांनी ब्रिसेइसकडे वळण्यापूर्वी पहिल्या महायुद्धावर तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या, आणि त्यांतल्या शेवटच्या कादंबरीला १९९५ चे बुकर पारितोषिक मिळाले होते. सैनिकांच्या मनावरील जखमा लिहून झाल्यावर त्या छावणीतल्या बायकांकडे आल्या. मिलर आणि हेन्स या दोघींनी विद्यापीठात ग्रीक-लॅटिनचे रीतसर शिक्षण घेतले आहे. ज्यांच्या आज्यांना ग्रीक वर्गाचे दार बंद होते, त्या पिढीच्या नातींनी ही पुस्तके लिहिली आहेत, हा योगायोग समजू नये.

भाषांतराच्या बाबतीतही असेच घडले. ‘ओडिसी’चे इंग्रजीत पहिले संपूर्ण भाषांतर जॉर्ज चॅपमन याने सतराव्या शतकाच्या आरंभी केले. एका स्त्रीने केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध व्हावयास २०१७ साल उजाडले. ते एमिली विल्सन यांचे. त्यांनी एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. बारा दासींना फाशी देताना टेलेमाखस जे बोलतो, तेथे कित्येक इंग्रजी भाषांतरांत त्यांच्यासाठी वेश्या किंवा त्याहून ओंगळ शब्द आले आहेत. मूळ ग्रीकमध्ये तेथे शिवी नाही. ‘त्या’ अशा अर्थाचे एक स्त्रीलिंगी रूप तेवढे आहे. शिवी भाषांतरकारांनी घातली. ‘त्या’ म्हटले, की वाचक थबकतो आणि विचारतो, यांचा अपराध काय? शिवी घातली, की विचारण्याचे कारण उरत नाही. एका शब्दाने बारा जणींचा खटला चालविण्याआधीच निकालात काढला जातो. जुन्या कथा कोण सांगतो आणि कोणत्या शब्दांत सांगतो, याला काय मोल आहे, ते येथे दिसते.

आक्षेपांचा विचार

या कादंबऱ्यांवरील आक्षेपही नीट ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा, की यांतल्या स्त्रिया फार आधुनिक बोलतात; कांस्ययुगातील राजकन्येच्या तोंडी आजच्या महाविद्यालयातील विचार येतात. हा दोष पुष्कळ पुस्तकांत खरोखरच आहे, आणि मागणी वाढल्यावर एकाच साच्याची पुस्तकेही निघाली आहेत. पण हा न्याय लावला तर युरिपिडीजही सुटणार नाही. त्याचे हेक्युबा-हेलन अथेन्सच्या न्यायालयातील वकिलांसारखे वाद घालतात. प्रत्येक काळाने ट्रॉयच्या तोंडी आपली भाषा घातली आहे. भाषा आजची आहे की नाही, यापेक्षा दुःख त्या स्थितीतले आहे की नाही, हे पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या कादंबऱ्यांत बोलतात त्या बहुतेक राण्या, राजकन्या आणि देवता. सर्सी अमर आहे, पेनेलोपी मालकीण आहे. जी दळते ती बाई अजून बोललेली नाही. ॲटवुडने दासींना समूहगान दिले, बार्कर यांनी छावणीतल्या सामान्य बायकांना जागा दिली. तरी बार्कर यांची ब्रिसेइसही मुळात राजघराण्यातलीच. पायलॉसच्या वडीवरील आकडा अद्याप आकडाच आहे. तेव्हा न्याय पुरता झाला, असे वाचकाने समजू नये.

तिसरा आक्षेप म्हणजे, अशाने होमर मागे पडेल. अनुभव मात्र उलटा दिसतो. ‘इलियड’चा प्रायम राजा मुलाच्या मारेकऱ्याच्या हाताचे चुंबन घेऊन प्रेत मागतो, हा प्रसंग साऱ्या काव्याचा कळस मानला जातो. बार्कर यांच्या कादंबरीत ब्रिसेइस तेथे हजर असते आणि तिच्या मनात येते, की पती आणि भावांच्या मारेकऱ्यापुढे आपल्यासारख्या बायकांना रोजच नमावे लागते. हे वाचून प्रायमचे दुःख लहान होत नाही. दोन दुःखे शेजारी उभी राहतात, आणि मूळ प्रसंग पुन्हा उघडून वाचावासा वाटतो.

आपल्या ओळखीची गोष्ट

मराठी माणसाला ही आवड परकी वाटण्याचे कारण नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू आपल्याच तोंडाने सांगतात. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) गांधारी, कुंती आणि द्रौपदी यांना पूजेच्या चौरंगावरून खाली उतरवून माणसांत आणून बसविले. आणि या पुस्तकांच्या कितीतरी आधी, पहाटेच्या अंधारात जात्याशी बसून, आपल्या अनाम आज्या-पणज्यांनी सीतेचा वनवास गाइला. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्या जमविल्या, पुढे गी पॉटवॅं आणि हेमा राइरकर यांनी गावोगाव हिंडून सहकाऱ्यांसह जो संग्रह केला, तो एक लाख ओव्यांच्या वर गेला. त्या ओव्यांतील राम राजा आहे, पण कैवार सीतेचा आहे. सासुरवाशिणीला सासूविरुद्ध बोलण्याची सोय नव्हती. सीतेच्या सासुरवासाविषयी गाण्यास मात्र कोणाची मनाई नव्हती. सीता हे निमित्त. ब्रिसेइसभोवती रडणाऱ्या दासींनी जे केले, तेच त्यांनी केले. ओडिसियसच्या वाड्यातील जाते आणि मावळातील जाते यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परंतु उघड बोलता न येणाऱ्या माणसाला जुन्या कथेचा जो उपयोग होतो, तो दोन्ही ठिकाणी एकच आहे.

असा उपयोग आजही होतो, याचा एक दाखला देतो. २०१३ साली सीरियातील यादवीतून जॉर्डनमध्ये पळून आलेल्या निर्वासित स्त्रियांनी अम्मान शहरात युरिपिडीजचे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ अरबी भाषेत रंगभूमीवर केले. त्या नटी नव्हत्या. बहुतेकींनी आधी कधी नाटकात पाऊल ठेवले नव्हते. हेक्युबाच्या विलापात त्यांनी आपल्या घरांची, आपल्या मुलांची हकीकत मिसळली. मायदेशी राहिलेल्या नातलगांना त्रास होईल या भीतीने काहींनी मध्येच अंग काढून घेतले, आणि ज्या राहिल्या त्या ती भीती घेऊनच उभ्या राहिल्या. या प्रयोगावर पुढे एक माहितीपटही निघाला. मेलॉसच्या बायकांचे नाव न घेता युरिपिडीजने ट्रॉयच्या बायकांना रडविले होते. चोवीसशे वर्षांनंतर त्याच ट्रॉयच्या आडोशाने सीरियाच्या बायका बोलल्या.

वाचकांच्या आवडीचा उलगडा मला तरी या दिशेने होतो. पराभूताच्या घरी काय झाले, हे विजेत्याच्या बखरीत एखाद्या ओळीपुरते येते. ती ओळ ज्याच्या मनाला लागते, तो वाचक पुढे काय झाले म्हणून विचारीत राहतो. आणि विचारता विचारता आपलेही काही त्यात मिसळतो. होमरने ही ओळ लिहून ठेवली, हे त्याचे मोठेपण. ती ओळ आज शेकडो पानांची झाली, हे वाचकांचे श्रेय आहे. आपल्यापैकी कोणी या कादंबऱ्या हाती घेईल, तर त्याने शेजारी मूळ काव्याचे भाषांतरही ठेवावे, आणि दोन्हींत मेजवानीच्या प्रसंगी क्षणभर थांबून पीठ कोण दळते आहे, तेवढे पाहावे. पुढची कादंबरी कदाचित तिचीच असेल.